इंग्रजीच्या तासाला वाचायचं कधी?

मराठी माध्यमाच्या बहुतेक माध्यमिक शाळांत इंग्रजीचा धडा एकाच चाकोरीतून जातो. सर किंवा बाई एक वाक्य मोठ्याने वाचतात, लगोलग त्याचा मराठी अर्थ सांगतात आणि पुढच्या वाक्याकडे वळतात. पुढच्या बाकांवरची मुलं टोक केलेली पेन्सिल घेऊन तयारच असतात. ‘मर्चंट’च्या डोक्यावर बारीक अक्षरात ‘व्यापारी’, ‘रिलक्टंट’च्या डोक्यावर ‘नाखूश’, अशी ओळीओळीवर मराठी चढत जाते. नववी-दहावीचं पुस्तक वरच्या वर्गातल्या कुणाकडून निम्म्या किमतीत घेतलेलं असेल तर ही मेहनतही वाचते. अर्थ आयते मिळतात, कधीकधी चुकीचेसुद्धा. तीन पानांचा धडा असा सहा-सात तासिका पुरतो. मग प्रश्नोत्तरं फळ्यावर येतात, फळ्यावरून वहीत उतरतात आणि घटक चाचणीपर्यंत पाठ होतात. ज्यांचा वहीवरही भरवसा नसतो त्यांच्यासाठी नवनीत आणि ‘२१ अपेक्षित’ आहेतच.

या सगळ्या खटाटोपात इंग्रजी वाचतं कोण? शिक्षक वाचतात. मुलं ऐकतात, तेही मराठीच.

महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीपासून आलं ते २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. त्याआधी ते पाचवीपासून होतं. वर्षाला दोनशेच्या आसपास कामाचे दिवस आणि रोज एक तासिका धरली, तर दहावी संपवणाऱ्या मुलाच्या पदरी दोन हजार तासिका पडलेल्या असतात. एवढ्या काळात त्याने आपणहून, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, पुढे काय होणार या ओढीने वाचलेली इंग्रजी पुस्तकं मोजू गेलं, तर बहुतेकांच्या बाबतीत पहिलं बोटही मुडपावं लागत नाही. दहावीचं इंग्रजीचं पाठ्यपुस्तक सवयीचा वाचक एक-दोन बैठकांत संपवेल. शाळेत ते जूनपासून थेट पूर्वपरीक्षेपर्यंत पुरतं.

पद्धतींवर वाद आपल्याकडे कमी झाले नाहीत. भाषांतर पद्धत गेली, स्ट्रक्चरल आली, ती जुनी झाली तशी संवादावर भर देणारी आली, मग ज्ञानरचनावाद आला. दर लाटेबरोबर प्रशिक्षणं झाली, पुस्तकांची मुखपृष्ठं बदलली, शिक्षकांनी नवे शब्द टाचणवहीत लिहिले. वर्गातल्या मुलाच्या डोळ्यांखालून आठवड्याला किती इंग्रजी मजकूर जातो, हे मात्र कुणी मोजलं नाही. माध्यमिक शाळेतल्या इंग्रजीचं दुखणं पद्धतीत फार थोडं आहे आणि या मजकुराच्या दुष्काळात फार मोठं आहे, असं मानायला भरपूर आधार आहे. तो आधार परदेशातूनच आणावा लागतो असंही नाही. त्यातला सर्वांत जुना तर ढाक्याचा आहे.

मायकल वेस्ट हा इंग्रज शिक्षणाधिकारी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हिंदुस्थानात आला आणि पुढे ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचा प्राचार्य झाला. बंगाली मुलं इंग्रजी कशी शिकतात हे त्याने वर्षानुवर्षं जवळून पाहिलं आणि १९२६ मध्ये बंगालमधल्या द्वैभाषिकतेवर मोठा अहवाल लिहिला. त्याचा प्रश्न रोखठोक होता. शाळेत दाखल झालेली कितीतरी मुलं शेवटच्या वर्गापर्यंत पोहोचतच नाहीत. मध्येच गळणाऱ्या मुलाच्या हाती काय लागतं? विम्याची पॉलिसी मुदतीआधी मोडली तर जी काही सरेंडर व्हॅल्यू मिळते, तशी अर्धवट शिकलेल्या इंग्रजीची किंमत किती, असा हिशेब वेस्टने मांडला. अर्धवट शिकलेलं बोलणं कुठे चालत नाही, अर्धवट शिकलेलं व्याकरण तर त्याहून निरुपयोगी. वाचनाचं तसं नाही. थोडंसं वाचता येणारं मूल शाळा सुटल्यावरही त्या थोड्याच्या बळावर एकटं पुढे जाऊ शकतं. म्हणून आधी वाचन, असं त्याचं म्हणणं.

वेस्ट नुसता म्हणून थांबला नाही. त्या काळची वाचनमालेची पुस्तकं त्याने तपासली तेव्हा मुलं का अडखळतात हे त्याच्या ध्यानात आलं. दर ओळीला नवा शब्द, त्यातले निम्मे जुन्या काव्यातले. त्याने गोष्टी पुन्हा लिहिल्या, जुनेपुराणे शब्द काढून रोजच्या वापरातले घातले आणि नवा शब्द दर पन्नासेक शब्दांनंतरच येईल अशी बेतणी केली. त्याच्या या ‘न्यू मेथड’ वाचनमाला लाँगमन्सने काढल्या. सर्वाधिक लागणाऱ्या सुमारे दोन हजार शब्दांची त्याची यादी १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढची कित्येक दशकं जगभर वापरात राहिली. आज ऑक्सफर्डच्या बुकवर्म्ससारख्या पायरीपायरीच्या मालिका निघतात, पहिली पायरी ४०० मूळ शब्दांची आणि सहावी २५०० ची. त्या वाटेवर सुरुवातीला चाललेल्यांत ढाक्यात बसून काम करणारा हा माणूस होता. ज्या उपखंडातल्या मुलांसाठी ही कल्पना निघाली, तिथल्या सरकारी आणि अनुदानित शाळांत तशी पुस्तकं शोधूनही सापडत नाहीत.

‘सोपं पुस्तक’ म्हटलं की आपल्या शाळांत नाकं मुरडली जातात. आठवीच्या मुलाला चौथीचं पुस्तक काय द्यायचं? दर्जा खालावेल. पालक काय म्हणतील? खरं तर सगळा खेळ सोपेपणावरच आहे आणि त्याला आकड्यांचा आधार आहे. परक्या भाषेतला मजकूर मदतीशिवाय समजायचा तर त्यातले किती शब्द आधीपासून ओळखीचे असावे लागतात, याचा शोध न्यूझीलंडचे भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. एका गोष्टीतले काही शब्द काढून त्यांच्या जागी निरर्थक शब्द घालायचे आणि वाचणाऱ्याला कितपत समजतं ते पाहायचं, असा २००० साली प्रसिद्ध झालेला त्यांचा एक प्रयोग आहे. शंभरातले ८० शब्द ओळखीचे असताना कुणालाच गोष्ट पुरेशी कळली नाही. ९० वर थोड्यांना कळली. आरामात वाचता यायला ९८ च्या आसपास जावं लागतं, असा निष्कर्ष निघाला. दोनशे शब्दांच्या पानावर याचा अर्थ चार अनोळखी शब्द, फार तर पाच. आपल्या आठवी-नववीच्या मुलांच्या पुस्तकातल्या कुठल्याही पानावरच्या पेन्सिलीच्या खुणा मोजाव्यात. पंधरा-वीसच्या खाली आकडा क्वचितच येईल. म्हणजे त्या मुलाकडून जे करवून घेतलं जातं त्याला वाचन म्हणताच येत नाही. तो शब्दकोड्याचा तास असतो, तोही उत्तरं वरून सांगितली जाणारा.

शब्द एकदा भेटून लक्षात राहत नाही, हा दुसरा मुद्दा. तो वेगवेगळ्या वाक्यांत, वेगवेगळ्या सोबत्यांबरोबर आठ-दहा वेळा समोर यावा लागतो. पाठ्यपुस्तकात एक शब्द एका धड्यात येतो आणि पुन्हा वर्षभर तोंड दाखवत नाही. ४०० मूळ शब्दांत लिहिलेली वीस छोटी पुस्तकं वाचली तर तेच शब्द शेकडो वेळा भेटतात, वेगळी तोंडपाठ मोहीम लागत नाही. अशा एका पुस्तकात साधारण पाच-सहा हजार शब्द असतात. मिनिटाला ऐंशी शब्द अशा रमतगमत वेगानेही ते एक-सव्वा तासात, म्हणजे दोन-तीन तासिकांत, हातावेगळं होतं. जेवढ्या वेळात आज एका धड्याचं पहिलं पान संपतं, तेवढ्या वेळात मूल एक अख्खं पुस्तक संपवू शकतं. पुस्तक संपवल्याचा आनंद हा काही मोजता येणारा मुद्दा नाही, तरी तो विसरून चालणार नाही. चौदा वर्षांच्या मुलाने मुखपृष्ठ मिटून ‘मी इंग्रजी पुस्तक वाचलं’ असं घरी सांगणं, याची जागा निकालपत्रातले ६२ गुण घेत नाहीत.

फिजीच्या ग्रामीण शाळांमध्ये १९८० च्या आसपास झालेला प्रयोग या विषयात वारंवार सांगितला जातो, आणि मराठी वाचकाला तो अधिक जवळचा वाटावा. तिथल्या वर्गांत मूळ फिजीवासीयांच्या मुलांबरोबर गिरमिटिया म्हणून गेलेल्या हिंदी मजुरांची नातवंडं-पतवंडं बसत होती. घरात इंग्रजी नाही, गावात पुस्तकं नाहीत. शिकवणं ठरावीक वाक्यरचना घोकवून घेण्याचं. वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगूभाई या दोघा संशोधकांनी काही शाळांच्या चौथी-पाचवीच्या वर्गांत सुमारे अडीचशे चित्रमय इंग्रजी गोष्टींची पुस्तकं नेऊन ठेवली. काही वर्गांत मुलं रोज वीस-तीस मिनिटं आपापली मुकाट्याने वाचत. काही वर्गांत शिक्षक मोठ्याने गोष्ट वाचत, तिच्यावर गप्पा होत. बाकीच्या शाळांत जुनंच शिकवणं चालू राहिलं. पहिल्या वर्षाअखेर पुस्तकवाल्या वर्गांची वाचनातली प्रगती जवळजवळ दुपटीने झालेली दिसली. दुसऱ्या वर्षी फायदा लेखनात आणि व्याकरणातही उतरला. व्याकरणाचे जास्तीचे तास न घेता, हे महत्त्वाचं.

ही मुलं प्राथमिक शाळेतली होती, हा आक्षेप रास्त आहे. माध्यमिक वर्गांसाठी दाखला घ्यायचा तर दक्षिणेत जावं. इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळुरू आणि मद्रास भागातल्या साध्या शाळांत एक प्रकल्प चालवला. पाठ्यपुस्तकातलं व्याकरण शिकवायचंच नाही, त्याऐवजी मुलांना रेल्वेचं वेळापत्रक, नकाशे, कोष्टकं द्यायची आणि इंग्रजीतून ती सोडवायला लावायची. अमुक गाडी चुकली तर पुढची कोणती, या प्रश्नात मुलं गुंतली की भाषा मागून येते, हे त्यांचं गृहीतक. मोजमाप करणाऱ्यांनी नंतर त्यावर मतभेदही नोंदवले, पण अर्थाच्या मागे लागलेल्या मुलाला रचना आपोआप बऱ्याच अंशी गवसते, ही गोष्ट टिकून राहिली. गोष्टीचं पुस्तक हे अर्थाच्या मागे धावायला लावणारं सर्वांत स्वस्त साधन आहे. ‘नो सूनर... दॅन’ची शंभर वाक्यं बदलून घेणारा शिक्षक आणि ‘रिमूव्ह टू’चा सराव देणारा क्लास हे दोघंही अर्थाला दाराबाहेर उभं करूनच आत जातात.

इथे एक जुना दाखला उलट बाजूने टाकला जातो. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आणि घोकंपट्टीवर वाढलेल्या पिढ्यांचं इंग्रजी आजच्यापेक्षा चांगलं नव्हतं का? होतं, निदान त्यांतल्या काहींचं तरी. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सुभेदार यांनी मुलाकडून इंग्रजी वाचनमाला आणि तर्खडकरांची पुस्तकं पक्की करून घेतली होती. पण गोष्ट तिथे संपत नाही. भीमरावांना अवांतर पुस्तकांचा नाद होता आणि तो पुरवण्यासाठी वडील प्रसंगी लेकीचा दागिना गहाण ठेवून पैसे आणत, असं त्यांच्या चरित्रात नोंदलेलं आहे. मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये असताना हा मुलगा चर्नी रोडच्या बागेत वाचत बसायचा. तिथे विल्सन हायस्कूलमधले शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर फिरायला येत. त्यांनी मुलाला हेरलं, विचारपूस केली आणि आपली पुस्तकं वाचायला देऊ लागले. मुलगा मॅट्रिक झाला तेव्हा झालेल्या सत्कारात केळुसकरांनी त्याला स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

केळुसकर त्या मुलाच्या शाळेचे शिक्षक नव्हते, हे लक्षात घेण्याजोगं आहे. त्यांनी त्याला शिकवलं नाही, त्याची परीक्षा घेतली नाही, वाचलेल्या पुस्तकावर दहा ओळी लिहून आण म्हटलं नाही. पुस्तक दिलं. ते वाचून झाल्यावर आणखी दिलं. शाळांमधल्या वाचन उपक्रमांची आजची तऱ्हा पाहिली तर यातली शेवटची दोन वाक्यंच नेमकी गायब झालेली दिसतात. मुलाने पुस्तक हातात घेतलं की त्याच्यामागे एक तक्ता लागतो: पुस्तकाचं नाव, लेखक, आवडलेलं पात्र, गोष्टीचं तात्पर्य. तात्पर्याचा हा सोस विशेष घातक. भुताच्या गोष्टीचं तात्पर्य काय लिहायचं, या विवंचनेत मुलगा भुताची गोष्ट घेणंच सोडून देतो आणि थोरांची चरित्रं घेतो, कारण त्यांचं तात्पर्य मुखपृष्ठावरच छापलेलं असतं.

परीक्षेचं काय, हा प्रश्न शिक्षक विचारणारच, आणि तो विचारण्याचा त्यांना हक्क आहे. निकालाचा जाब त्यांनाच द्यावा लागतो. पण परीक्षा आता पूर्वीची राहिलेली नाही. दहावीला प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका आली. तिच्यात न पाहिलेला उतारा असतो, माहितीचं रूपांतर असतं, स्वतःचं मत मांडायचं असतं. ८० गुणांच्या या कागदातला बराच भाग पाठांतराने सुटत नाही. तरी वर्गात तयारी पाठांतराचीच होते: निबंध पाठ, पत्राचा मायना पाठ, कवितेच्या रसग्रहणाचा साचा पाठ. न पाहिलेल्या उताऱ्याचा एकच सराव असतो, तो म्हणजे आधी न पाहिलेलं पुष्कळ पाहणं. वर्षभरात तीस-चाळीस सोपी पुस्तकं वाचलेला मुलगा त्या उताऱ्यावर येतो तेव्हा त्याला वेळ पुरतो. आणि तीन तासांच्या पेपरात वेळ पुरणं म्हणजे काय, हे कुठल्याही पर्यवेक्षकाला विचारावं.

दुसरी अडचण शिक्षक सहसा बोलून दाखवत नाहीत. अनेकांचं स्वतःचंच इंग्रजी कच्चं असतं. मराठी माध्यमातून शिकून, बी.ए., बी.एड. करून, संच मान्यतेत दुसऱ्याच विषयाचे म्हणून आलेले आणि तासिका भरून काढण्यासाठी इंग्रजी गळ्यात पडलेले शिक्षक तालुक्यातालुक्यांत आहेत. त्यांना फाडफाड इंग्रजी बोलून वर्ग घ्या असं सांगणं म्हणजे त्यांची थट्टा आहे. वाचन तासिका अशा शिक्षकाला सोयीची पडते. त्याला उच्चारांचं किंवा संभाषणाचं नाटक करावं लागत नाही. पुस्तकातलं इंग्रजी बरोबर असतंच. त्याने मुलांबरोबर बसून स्वतः एक पुस्तक वाचायचं. आज बहुतेक मुलांनी आपल्या इंग्रजीच्या शिक्षकाला पाठ्यपुस्तक सोडून दुसरं इंग्रजी काही वाचताना पाहिलेलंच नसतं. एक-दोन वर्षं असं चाललं तर शिक्षकाचंही इंग्रजी सुधारेल, आणि कुठलंही पाच दिवसांचं प्रशिक्षण तेवढं साधत नाही.

सेमी इंग्रजीच्या वर्गांचा तिढा थोडा वेगळा. तिथे गणित आणि विज्ञानाची पुस्तकं इंग्रजीत असतात, म्हणजे वाचायला इंग्रजी मजकूर पाठ्यपुस्तकापेक्षा तिप्पट मिळतो. पण प्रकाशाच्या अपवर्तनाचं पान मूल वाचत नाही. सर मराठीत समजावतात आणि व्याख्या इंग्रजीत पाठ होते. इंग्रजी आणि विज्ञान हे दोन तास एकमेकांना ओळखत नाहीत. विज्ञानाच्या शिक्षकाने एखादं पान वर्गात मुकाट्याने वाचायला लावून मग चर्चा घेतली, तर इंग्रजीच्या शिक्षकाचं निम्मं काम हलकं होईल. पालकांनी सेमी निवडताना जे मनात धरलेलं असतं ते थोडंफार तरी खरं ठरेल.

इंग्रजी वाचनाचा आग्रह धरला की मराठीचं काय होणार ही शंका येते. ‘असर’च्या २०२३ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या २८ जिल्ह्यांतली १४ ते १८ वयाची सुमारे ३५ हजार मुलं तपासली गेली. साधी इंग्रजी वाक्यं वाचता येणारी ५७.३ टक्के निघाली. त्याच पाहणीतला दुसरा आकडा अधिक अस्वस्थ करणारा आहे: सुमारे पाव हिस्सा मुलांना स्वतःच्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सफाईने वाचता येत नव्हता. ज्याला मराठीत डोळा पळवता येत नाही, त्याच्याकडून इंग्रजीत पळवण्याची अपेक्षा करायची कशी? म्हणून आठवीत वाचनाची तासिका सुरू करायची तर तीत मराठी पुस्तकंही हवीत, निदान पहिले काही महिने. गोष्ट आधी मराठीत वाचलेली असेल तर इंग्रजीतली तीच गोष्ट अर्धी ओळखीची होते. ज्यूल व्हर्नच्या साहसकथा भा. रा. भागवतांनी कधीच मराठीत आणून ठेवल्या आहेत; त्यांची सोपी इंग्रजी रूपं बाजारात आहेत. एका हातात भागवत आणि दुसऱ्या हातात व्हर्न, अशी जोडी लावायला कुणाची परवानगी लागत नाही.

इंग्रजी वाचणाऱ्याने मराठीला काय दिलं, याचं उत्तर तर आपल्याच साहित्याच्या इतिहासात आहे. आगरकरांनी ‘हॅम्लेट’वरून ‘विकारविलसित’ लिहिलं आणि त्यावर प्रदीर्घ टीका केली ती विद्यार्थिदशेतल्या हरि नारायण आपट्यांनी. मराठी कादंबरीला वळण देणारा हा लेखक पोराटकी वयापासून इंग्रजी कादंबऱ्यांत बुडालेला होता. त्या पिढीने इंग्रजीतून नोकऱ्या मिळवल्या, हे खरं. पण मासिकं, नाटकं, निबंधही तिनेच मराठीत उभे केले.

आता पुस्तकांकडे यायचं. ती नाहीत असं नाही. बहुतेक शाळांत एक लोखंडी कपाट असतं. त्याची किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात असते, कारण पुस्तक हरवलं तर नोंदवहीत नाव असलेल्या माणसाला जबाब द्यावा लागतो. ग्रंथपाल असला तर अर्धवेळ, आणि त्याचा तो अर्धा वेळही कार्यालयातल्या कामात जातो. पुस्तक झिजणं हा हिशेबात गुन्हा ठरतो, धूळ खात पडणं ठरत नाही. हा उरफाटा हिशेब सरळ केल्याशिवाय कुठलीही वाचन चळवळ शाळेच्या फाटकाच्या आत यायची नाही. वर्षाला शंभरातली दहा पुस्तकं फाटावीत, हरवावीत हे गृहीत धरून त्यांचं निर्लेखन सोपं करायला हवं. पुस्तकांचं कपाट वर्षाअखेर जसंच्या तसं भरलेलं दिसलं तर तपासणी अधिकाऱ्याने उलट विचारणा करावी.

त्या कपाटात काय आहे हाही प्रश्नच. इंग्रजीच्या नावाखाली तिथे बहुधा निबंधमाला, शब्दकोश आणि कुणीतरी देणगी दिलेले स्वमदतीचे जाडजूड ग्रंथ असतात. आठवीच्या मुलाला वाचता येईल असं त्यात काही नसतं. पैशांची सबब इथे पुरेशी टिकत नाही. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये ‘स्टोरीवीव्हर’ हा खुला संग्रह सुरू केला. त्यावर वाचनपातळीनुसार लावलेल्या गोष्टी इंग्रजीत आहेत, मराठीत आहेत, फुकट उतरवून घेता येतात आणि छापताही येतात. साठ मुलांच्या वर्गाला शंभर पातळ पुस्तकं पुरतात. ती वर्गातच दोरीवर अडकवली तरी चालतात. मुलं क्रिकेट, भुतं, चोर-पोलीस आणि कुत्र्या-मांजरांच्या गोष्टी आधी उचलतील. उचलू द्याव्यात.

सरकारी पातळीवर काही हालचाल झाली नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतं आहे. सातारा जिल्ह्यातलं भिलार २०१७ मध्ये पुस्तकांचं गाव झालं. डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी मुलं दप्तराविना येतात, पटांगणावर रांगेत बसून वाचतात, फोटो निघतात, अहवाल वर जातो. १६ ऑक्टोबरला दप्तरं परत येतात आणि वाचन वर्षभरासाठी रजेवर जातं. अमळनेरच्या शाळेत शिकवत असताना साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचं दैनिक हाताने लिहून काढत. ते दैनिक होतं. एका मास्तराने रोज मजकूर लिहायचा आणि मुलांनी रोज वाचायचा, याला अनुदान लागलं नाही, पण सातत्य प्रचंड लागलं.

सातत्याची व्यवस्था वेळापत्रकातच करावी लागेल. आठवड्याला इंग्रजीच्या सहा-सात तासिका असतात. त्यातली एक, आठवीच्या जूनपासून, फक्त वाचनाची. दहावीत सुरू करून उपयोग नाही, तोवर पालक आणि क्लासवाले दोघंही वर्गाच्या दारात उभे असतात. पहिले दोन महिने शिक्षकाने मोठ्याने वाचून दाखवावं, मुलांनी पुस्तकात डोळे ठेवून ऐकावं. फिजीत तोही प्रकार चालला होताच. नंतर ज्याचं त्याने वाचावं. प्रश्न नाहीत, गुण नाहीत, तात्पर्य तर नाहीच. पुस्तक आवडलं नाही तर दहाव्या पानावर ठेवून दुसरं घ्यायची मुभा. गोंगाट होईल, काही मुलं चित्रंच बघत बसतील, एखादा वर्षभर एकाच पुस्तकावर अडून राहील. पाठ्यपुस्तकाच्या तासालाही हे सगळं होतंच, फक्त तिथे ते दिसत नाही.

खरी कसोटी लागेल ती केंद्रप्रमुख किंवा विस्तार अधिकारी शाळाभेटीला आले की. ते टाचणवही मागतील आणि त्या तासिकेखाली उद्दिष्टं, अध्ययन निष्पत्ती, साहित्य, मूल्यमापन असे रकाने शोधतील. शिक्षकाने तिथे ‘मुलांनी पुस्तकं वाचली, मीही वाचलं’ एवढंच लिहिलेलं असेल. आजच्या व्यवस्थेत हा शेरा ओढवून घेणारा मजकूर आहे. म्हणून सुरुवात एकेकट्या उत्साही शिक्षकावर सोडून भागणार नाही. एवढ्या एका ओळीला पुरेसं टाचण मानावं, असं लेखी परिपत्रक शिक्षण विभागाकडूनच यायला हवं, आणि ते आठवीचा नवा वर्ग भरायच्या आत यायला हवं.